य, रिकामी जागा, ल, व : तागालोगच्या 'र'ला नंबर मिळायला १९ वर्षं का लागली?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, हा माझा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

झालं असं की मोडीच्या एका फाँटमधे काहीतरी गडबड होती म्हणून युनिकोडचे तक्ते (कॉम्प्युटरसाठी प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या नंबरांची यादी) चाळत बसलो होतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी दहाबारा वर्षांपूर्वी उतरवून ठेवलेली पीडीएफ होती, तीच उघडली. चाळता चाळता तागालोग नावाचं पान आलं. तागालोग म्हणजे फिलिपिन्समधली, मनिलाच्या आसपासची भाषा, आणि तिची जुनी लिपी म्हणजे बायबायिन. अक्षरं ओळखीची अजिबात नाहीत, नुसती वळणावळणाची. पण खालची नावं वाचायला लागलो आणि चक्क पाठ म्हणत गेलो. अ इ उ, क ग ङ, त द न, प ब म, य... आणि पुढे रिकामा चौकोन. मग ल, व, स, ह.

आता 'य र ल व' आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. त्यामुळे तिथे काय राहिलंय ते सांगायला तज्ज्ञ नको. घरी येऊन नवा तक्ता बघितला तर तिथे 'र' बसलेला. लिपी युनिकोडमधे आली २००२ साली (आवृत्ती ३.२), आणि हा 'र' आला २०२१ मधे (आवृत्ती १४). मधली १९ वर्षं तो चौकोन तसाच.

तर प्रश्न असे. घ्यायचाच नव्हता तर जागा का सोडली? आणि घ्यायचाच होता तर इतकी वर्षं का लावली? थोडं वाचल्यावर कळलं की जुन्या तागालोगमधे द आणि र दोन्हीला एकच अक्षर होतं, वेगळा र नंतरचा आहे. मग तो खरंच अक्षर आहे का शेपूट लावलेला द?

(अक्षरं इथे चिकटवून बघितली, प्रीव्ह्यूमधे सगळे डबे दिसतायत. त्यामुळे वर्णनावर भागवून घ्या.)

अर्धा कप

रुमाल टाकून ठेवला होता हो. एसटीत टाकतात तसा. माणूस १९ वर्षांनी चढला.

निशाचर

=)) =)) आणि कंडक्टरने तोवर कुणाला बसू दिलं नाही हे विशेष.

फाँटवेडा

रुमालाची उपमा बऱ्यापैकी बरोबर आहे, फक्त रुमाल र ने टाकला नव्हता, शेजाऱ्यांमुळे आपोआप पडला होता.

२००२ ला एकटी तागालोग आली नाही. फिलिपिन्सच्या चार लिप्या एकदम आल्या: तागालोग, हानुनो, बुहिद आणि तागबानवा. हानुनो आणि बुहिद या मिंदोरो बेटावरच्या, तागबानवा पलावानची. प्रत्येकीला ३२ घरांची चाळ दिली आणि चारही चाळी एकसारख्या आखल्या, म्हणजे पहिल्या चाळीत जिथे क तिथेच दुसरीत, तिसरीत, चौथीत क. आता हानुनो आणि बुहिदला स्वतःचा र आहे. त्यांचा र जिथे येतो (१७२डी आणि १७४डी, या नंबरांत ए ते एफ हे पण अंकच) त्याच्या समोरचं तागालोगचं घर म्हणजे १७०डी. ते रिकामं ठेवलं, कारण तेव्हा समोर जे पुरावे होते ते जुन्या छापील पुस्तकांचे, आणि त्यात द हाच र. अशी तागालोगची २० चिन्हं झाली.

ही आखणी आपल्याकडूनच गेलेली पद्धत आहे. भारतीय लिप्यांचं तेच आहे, देवनागरी क ०९१५, गुजराती क ०ए९५, तमिळ क ०बी९५. शेवटचा आकडा सारखा.

आता १९ वर्षं का? युनिकोडचा नियम असा की एकदा नंबर दिला की परत घेता येत नाही, हलवता येत नाही, नाव चुकलं तरी बदलता येत नाही. त्यामुळे ते लोक हात आखडूनच असतात. ते अक्षर शोधून काढत नाहीत, लोक वापरतायत असं दाखवा म्हणतात. आणि लोक म्हणतात नंबरच नाही तर टाइप कसं करू. सुरुवात कुणी करायची यातच वेळ जातो.

मधल्या काळात काय झालं ते मला सगळ्यात आवडतं. काही फाँट बनवणाऱ्यांनी सरळ त्या रिकाम्या घरात र काढून बसवला. कुणाला विचारलं नाही. १४ व्या आवृत्तीत झालं ते इतकंच, की झालेलं अतिक्रमण नियमित केलं.

अर्धा कप

गुंठेवारी!!! सात बाऱ्यावर नाव लागलं एकदाचं.

शंकासुर

सर्वांचं कौतुक बघून विरोधी सूर लावतो, सवय आहे.

पहिलं म्हणजे रिकामी जागा म्हणजे आश्वासन नव्हे. फाँटवेडा, तुम्हीच तमिळचं उदाहरण दिलंत, तर त्याच तक्त्यात क च्या पुढे ०बी९६ ते ०बी९८ ही ख ग घ ची तीन घरं आजही ओस आहेत. तमिळला ती अक्षरं लागतच नाहीत. उद्या कुणी हौशी तमिळ ख काढला आणि फाँटमधे घुसवला तर त्याला पण नंबर द्यायचा का?

दुसरं. १५९३ साली मनिलात छापलेलं दोक्त्रिना क्रिस्तियाना हे पुस्तक आहे, स्पॅनिश आणि तागालोगमधे, तागालोग मजकूर रोमन आणि बायबायिन दोन्हीत, लाकडी ठशांवरून छापलेलं. त्यात द आणि र ला एकच अक्षर. लोकांचं अडलं नाही. आता टॅटू आणि टीशर्टवाल्यांना 'र' हवा म्हणून शेपूट काढायचं आणि त्याला पारंपरिक लिपी म्हणायचं, हे मला पटत नाही. परंपरा पाहिजे तर परंपरेसारखी वापरा ना.

मोडीतली काकू

शंकासुरा, थांब जरा. एक अक्षर दोन उच्चार यात आपल्याला इतकं नवल का वाटावं? 'डबा' म्हण आणि 'घोडा' म्हण. दोन्ही ड सारखे आहेत का? घोड्यातला ड जीभ उलटून झटका देऊन येतो. हिंदीवाल्यांनी त्याला खाली टिंब दिलं, आपण दिलं नाही, आपली जीभ आपोआप करते. तागालोगचं नेमकं तेच होतं. शब्दाच्या सुरुवातीला द, दोन स्वरांच्या मधे आला की र. 'दामी' म्हणजे पुष्कळपणा, आणि 'मारामी' म्हणजे पुष्कळ. आधी लागलेल्या 'मा' मधल्या आ मुळे द चा र झाला. 'दितो' म्हणजे इथे, तोच आधीच्या शब्दाचा शेवट स्वरात असला की 'रितो'. मग वेगळं अक्षर कशाला लागेल?

पण हे चाललं कुठवर, तर भाषेत नुसते घरचे शब्द होते तोवर. स्पॅनिश आले, तीनशे वर्षांवर राहिले, मारिया रोसा रिकार्दो अशी नावं घरोघरी झाली. आता 'रोसा'चा र सुरुवातीलाच आला आणि जिभेचा नियम मोडला. आता द आहे का र आहे हे वाचणाऱ्याला कळणार कसं? आपल्याकडे 'बॅट' 'बॉल' आले तेव्हा आपण ॲ आणि ऑ घेतलेच ना. ते काय ज्ञानेश्वरीत होते?

मोडी शिकवते म्हणून सांगते, मोडीत सुद्धा ऱ्हस्व दीर्घाचं काही धरबंद नसतो, वाचणारा संदर्भाने वाचतो. दप्तरात चाललं ते. पण आज एखादी मुलगी माझ्याकडे येते आणि स्वतःचं नाव मोडीत लिहून मागते, तेव्हा तिला मी 'मिता का मीता ते संदर्भाने समजून घे' असं सांगू शकत नाही.

तिरकी रेघ

काकू दंडवत. बॅटबॉलचा मुद्दा बिनतोड.

त्यात भर, तो 'ॲ' पण आपल्याला उशीराच मिळालाय. ०९७२ हा नंबर २००८ मधे, आवृत्ती ५.१ ला. त्याआधी अ ला वर चंद्र चिकटवून काम चालायचं आणि अर्ध्या ठिकाणी तो चंद्र बाजूला ठिपक्यांच्या गोलावर तरंगत दिसायचा.

दर्यावर्दी

शंकासुर, टॅटूवाल्यांवर घसरलात म्हणून लिहितोय. मर्चंट नेव्हीत अठरा वर्षं काढली, निम्मा क्रू कायम फिलिपिनो, त्यामुळे भात आणि सुकी मासळी यावर एकमत आणि बाकी सगळ्यावर वाद.

आमचा एक बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) होता, बातांगासचा. हातावर टॅटू, तीन अक्षरं. मी एकदा विचारलं तर म्हणाला मुलीचं नाव आहे, मारिया. म, मग द आणि त्याच्या डोक्यावर इ ची खूण, मग य. त्या खुणेला कुदलित म्हणतात, वर दिली की इ किंवा ए, खाली दिली की उ किंवा ओ. आमचा डेक कॅडेट, तो पण फिलिपिनो, विशीतला, तो हसायला लागला. म्हणे काका, तुम्ही 'मादिया' लिहून घेतलंय. र ला शेपूट असतं. आणि फोन काढून कीबोर्डवर दाखवला र.

मेसरूममधे जे काय जुंपलं विचारू नका. बोसन म्हणे माझ्या आजाच्या आजाला शेपूट लागलं नाही ते मला कशाला. कॅडेट म्हणे तुमच्या आजाच्या आजाला वाचता तरी येत होतं का. तिथे चीफ कुक मधे पडला म्हणून बरं. मी आपला भात खात ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो की हे मला आपल्या शुद्धलेखनाच्या धाग्यांवर ऐकल्यासारखं वाटतंय.

अर्धा कप

मादिया नाही, माडिया. भामरागडला नोंद करा.

निशाचर

गोंडीला पण युनिकोडमधे दोन लिप्या आहेत बरं का, मसराम गोंडी (२०१७) आणि गुंजाळा गोंडी (२०१८). अवांतराबद्दल क्षमस्व.

शंकासुर

दर्यावर्दी, किस्सा भारी. पण बोसन माझ्या बाजूचा निघाला याची नोंद घ्यावी.

तिरकी रेघ

रच्याकने, दर्यावर्दी तुमचा आयडी मी मोबाईलवर टाइप केला तर कीबोर्डने 'दऱ्यावर्दी' सुचवलं. समुद्रावरून थेट सह्याद्रीत!

आणि इथेच धाग्याचा विषय येतो. आपल्याकडे र ची रूपं बघा: साधा र, 'अर्क' मधला रफार, 'चक्र' मधला तिरका, 'राष्ट्र' मधला टोपीसारखा, आणि 'दऱ्या' मधला तो आडवा लटकणारा. यातल्या पहिल्या चारांसाठी एकच र आहे, आकार फाँट ठरवतो. पण पाचव्याला तसं करता येत नाही कारण अर्थ बदलतो. 'आचार्यांना जेवायला बोलावलं' आणि 'आचाऱ्यांना जेवायला बोलावलं' यात एका वाक्यात पंगतीला बसणारा आणि वाढणारा बदलतो. म्हणजे आपल्यालाही एका र ने भागलं नाहीच.

फाँटवेडा

तिरकी रेघ, हे फार बरोबर बोललात आणि आता माझी दुखरी नस.

तो पाचवा र लिहायचे दोन मार्ग आहेत. एक, ऱ (०९३१) घ्या, पाय मोडा, पुढे य. दोन, साधा र घ्या, पाय मोडा, मधे एक न दिसणारा जोडणारा कोड टाका आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. आत मात्र वेगळे. मी एका छापखान्यासाठी काम करायचो तेव्हा एका चारशे पानी पुस्तकात 'तऱ्हा' शोधून बदलायचं होतं. शोधलं, सगळे बदलले, छापायला गेलं, आणि अकरा 'तऱ्हा' तशाच. कारण त्या दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या होत्या. मालक माझ्याकडे असं बघत होते की जणू मीच मधे ते न दिसणारं पेरलंय.

आणि गंमत, ०९३१ हे घर मुळात मराठीसाठी आखलेलं नाहीच. ते द्राविडी भाषांच्या कडक र साठी, तमिळमधे त्याच्या समोर ०बीबी१ ला त्यांचा तो र बसतो. आपण त्याचं अर्धं रूप वापरतो, पूर्ण ऱ मराठीत कुणी लिहीत नाही. म्हणजे आपणही दुसऱ्याच्या जागेवर संसार थाटलाय.

डॅलसकर

उशीरा आलो. धागा मस्त चाललाय, त्यात माझं अवांतर पण अगदीच अवांतर नाही.

फिलिपिन्सचं आणि आपलं नातं नुसत्या वर्णमालेचं नाही. १९८९ मधे लागुना प्रांतात नदीतली वाळू काढताना एक तांब्याची पट्टी सापडली, आता मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याची सुरुवात वाचा: 'स्वस्ति शकवर्षातीत ८२२ वैशाखमास...' पुढे चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००, एप्रिल महिना. आपल्या भिंतीवर लटकवलेल्या पंचांगात आजही हीच भाषा! ऑफिसमधल्या फिलिपिनो कलीगला मी हे म्हणून दाखवलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला, त्याला कळत नव्हतं आणि मला शिकवणी न लावता कळत होतं.

मजकूर काय, तर नामवरन नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज, एक काती आठ सुवर्ण, त्याच्या वंशजांसकट माफ केल्याचा दाखला.

पण ही लिपी बायबायिन नाही, कावी आहे, जावाकडची. कावीला युनिकोडमधे जागा मिळाली २०२२ ला, आवृत्ती १५ मधे. तागालोगच्या र च्या पुढच्याच वर्षी. ही पट्टी वाचली ती आंतून पोस्तमा नावाच्या डच माणसाने, जो मिंदोरोत मांग्यान लोकांमधे राहिला. फाँटवेडा म्हणाले त्या हानुनो लिपीला पाय मोडायची खूण दिली ती याच माणसाने. तिला पामुदपोद म्हणतात.

अर्धा कप

शके ८२२ ची कर्जमाफी. आणि निकष, तत्वतः, सरसकट यावर काही लिहिलंय का पट्टीत?

मोडीतली काकू

अर्ध्या कपा, इथे राजकारण नको. (हसले मात्र.)

डॅलसकर, पाय मोडायचं निघालं म्हणून. बायबायिनमधे मुळात पाय मोडायची सोयच नव्हती. शब्दाच्या शेवटचं व्यंजन सरळ लिहायचंच नाही. 'बुन्दोक' म्हणजे डोंगर, तो लिहायचा 'बुदो'. वाचणाऱ्याने बाकीचं भरून काढायचं. १६२० साली फ्रान्सिस्को लोपेझ नावाच्या पाद्र्याने इलोकानो भाषेतल्या धर्मपुस्तकासाठी अक्षराखाली क्रुसाची खूण द्यायची युक्ती काढली. तिथल्या लोकांनी ती तेव्हा फारशी मनावर घेतली नाही, आपलं 'बुदो'च चालू ठेवलं. आज मात्र बरेच जण तोच क्रूस वापरतात.

तर शंकासुरा, तो क्रूस पण जुन्या परंपरेतला नाही हो. पाद्र्याने दिलेला. त्याला २००२ लाच नंबर मिळाला, कुणी हरकत घेतली नाही. आणि नाव काय दिलंय माहितीये? 'विराम'. मनिलातल्या क्रुसाला संस्कृत नाव.

शंकासुर

काकू, हा मुद्दा मान्य. बाहेरच्याने दिलेली खूण चालते आणि घरच्यांनी काढलेला र चालत नाही, असं म्हटलं तर माझंच हसं होईल. अर्धी माघार घेतो.

उरलेली अर्धी घेत नाही, कारण हे वाचा. आवृत्ती १४ मधे तागालोगला एक नाही, तीन चिन्हं मिळाली. शेपटीवाला र, पामुदपोद (हानुनोवरून घेतलेली), आणि आणखी एक र! त्याचं अधिकृत नाव 'आर्केइक र', म्हणजे जुना र. तो झांबालेस भागातला. २० ची २३ झाली. आता बघा कोण कुठे बसलंय. नव्या र ला य आणि ल च्या मधली हक्काची जागा, १७०डी. आणि जुन्याला १७१एफ, चाळीच्या अगदी शेवटचं घर. हा कुठला न्याय?

निशाचर

जुना सून आल्यावर मागच्या खोलीत गेला.

फाँटवेडा

शंकासुर, न्याय बिय काही नाही, जो जास्त वापरात आहे आणि ज्याच्यासाठी आधीच फाँट तयार होते तो त्या घरात राहत होताच. त्याला उठवून जुन्याला बसवलं असतं तर आधीचे सगळे मजकूर बिघडले असते. नंबर म्हणजे मान नव्हे, पत्ता आहे. वर्णक्रम लावायचं काम वेगळ्या तक्त्याने होतं, घर क्रमांकाने नाही.

पण एक कबूल करतो. हे असे निर्णय कोण करतं बघितलं तर फार थोडी माणसं असतात. या र साठी प्रस्ताव लिहिणाऱ्यांत फ्रेडरिक ब्रेनन होता, तोच तो एटचॅन नावाचं कुप्रसिद्ध संकेतस्थळ सुरू करणारा आणि नंतर त्याच्याच विरोधात उभा राहिलेला. फिलिपिन्समधे राहून फाँट बनवायला लागला होता. इंटरनेटवरच्या सगळ्यात घाणेरड्या कोपऱ्यांपैकी एक ज्याच्या नावावर, त्यानेच बसून एका जुन्या लिपीच्या एका अक्षरासाठी वकिली केली. माणसं कशी असतात काय सांगावं.

डॅलसकर

हे माहीत नव्हतं. बसून वाचतो आता.

कोयनाकाठ

धागा टाकून दोन दिवस पुण्यात होतो, येऊन बघतो तर इतके प्रतिसाद! सर्वांचे आभार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं (शेजारच्या चाळीत र होता म्हणून). दुसऱ्याचंही मिळालं. तिसऱ्याचं, म्हणजे अक्षर का शेपूटवाला द, याचं माझ्यापुरतं उत्तर काकूंच्या मिता आणि मीतामधे आलं. नाव लिहायची वेळ आली की अक्षर लागतं.

काल एका मित्राकडे फिलिपिन्सची नोट मिळाली, २०१० पासूनच्या मालिकेतली. उजेडाकडे धरली की दोन बाजूंचे तुकडे जुळून बायबायिनमधे 'पिलिपिनो' दिसतं. पि लि पि नो. आणि लक्षात आलं की या शब्दात र नाही, शेवटी पाय मोडका पण नाही. या धाग्यावरचं एकही भांडण त्या नोटेला लागू होत नाही. शब्द भाग्यवान म्हणायचा.

रच्याकने, तागबानवाचा तक्ता पण बघितला. य, रिकामी जागा, ल. १७६डी.

अर्धा कप

रुमाल आहे का कुणाकडे?

शंकासुर

तिथल्या लोकांनी मागितला तर द्या. त्यांनी मागायच्या आत आपण इथून देऊ नका म्हणजे झालं.

दर्यावर्दी

परवा बोसनला फोन केला होता, तो आता रिटायर होऊन गावी असतो. या धाग्याबद्दल सांगितलं, भारतातले लोक तुझ्या हातावरून भांडतायत म्हटलं तर खूष. मारियाला मुलगा झालाय, नाव दारियो. हा बाबा लगेच दुसऱ्या हातावर गोंदवून घ्यायला निघालेला. पण जुन्या पद्धतीने लिहिलं तर 'दादियो' वाचतील म्हणून दुकानात अडला. पंधरा मिनिटं तिथेच बसून विचार केला म्हणे, आणि मग शेपटीवाला र काढून घेतला.

मारियाचं दुरुस्त करणार का विचारलं. नाही म्हणाला, ते तिचं नाव आहे, तिला वाचता येतं.